बाहेरगावी गेलेले

श्रावणातल्या त्या शनिवारी, दुपारी बरोबर एक वाजता, सुंदराबाई पाटावरून उठल्या आणि भिंतीला धरत धरत पुढच्या खोलीत गेल्या. त्यांनी कडी काढली, दार सताड उघडलं आणि बाजूला सरून उभ्या राहिल्या. आत येणाऱ्याला वाट द्यावी, तशा.

गल्लीत कुणी नव्हतं. समोर मालतीबाईंच्या ओट्यावर लेस लावायला आलेल्या साड्यांचे गठ्ठे पडले होते. मागच्या गल्लीतल्या लूमची खटखट तेवढी चालू होती.

"उना का रे?" सुंदराबाईंनी हळूच अहिराणीत विचारलं, आलास का, म्हणून. मग मान किंचित तिरकी करून थांबल्या, कुणाचं तरी बोलणं पुरतं ऐकून घेतल्यासारख्या. आणि दार तसंच उघडं टाकून माघारी आल्या.

सुषमा स्वयंपाकघराच्या चौकटीतून बघत होती. चौदा वर्षं सासूचा हा नेम चुकला नव्हता. खाडीपलीकडच्या, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलमध्ये एकला जेवणाची सुट्टी व्हायची आणि धाकटा लोटू सायकल दामटत घरी जेवायला यायचा. लोटू तिरुपूरला गेला, होजियरीत लागला, तिकडेच रमला, त्याला आईबाप आठवत नाहीत, असं घरात बोललं जायचं. सुषमाही तेच बोलायची. म्हातारीला मात्र दार उघडल्याशिवाय घास जायचा नाही. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून सगळे पुढच्या कामाला लागत.

त्या दिवशी सुंदराबाई परत पाटावर बसल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याचा काठ ओला होता. चार बोटं चांगला भिजलेला. सुषमाने दाराकडे पाहिलं. फरशी कोरडी होती. पावसाने चार दिवस तोंड दाखवलं नव्हतं.

"चला, मोजून घ्या," आबा म्हणाले.

उद्या घरात कानबाई देवी बसायची होती. खानदेश सोडून सुरतेत आल्याला चाळीस वर्षं झाली, तरी शालिग्राम आबांनी हे व्रत मोडू दिलं नव्हतं. आदल्या दिवशी रोटांचे गहू मोजायचे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तेच गहू दळायचे आणि त्यांचे रोट फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. सुंदराबाईंचे हात थरथरायला लागल्यापासून मोजण्याचं काम थोरल्या सुनेकडे, म्हणजे सुषमाकडे आलं होतं.

सगळे गोल बसले होते. आबा, सुषमाचा नवरा गजेंद्र, मधला दीर कुंदन, त्याची बायको कुसुम आणि कुसुमची दोन पोरं. आबा नाव घेत होते, सुषमा परातीत गहू टाकत होती.

"शालिग्राम." सव्वा मूठ. "गजेंद्र." सव्वा मूठ. "कुंदन." मग कुंदनची दोन्ही पोरं. पाच झाले.

दरवर्षी इथे आबा श्वास घ्यायला थांबायचे. आजही थांबले.

"लोटू."

सुषमाचा हात गव्हात होता. तेवढ्यात मागच्या गल्लीतले सगळे लूम एकदम बंद पडले.

ज्याने ती खटखट ऐकत आयुष्य काढलंय, त्याला ती ऐकू येत नाही. ती थांबली की मात्र कानांना दडे बसतात. वीज गेली असणार, पंखाही थांबला होता. पण त्या शांततेत सुषमाला पहिल्यांदा वास आला. सडक्या अंड्याचा. खाडीचा असता तर खिडकीतून आला असता, आणि खिडकी तर बंद होती. वास परातीतून येत होता. तिने मूठ वर काढली. बोटांना चिकटलेले गहू बर्फासारखे गार होते.

"टाक ना गं," गजेंद्र म्हणाला.

उघड्या दारात कुणीतरी उभं होतं.

"मम्मी, मी आहे," योगिता म्हणाली.

तिने चपला काढल्या आणि सरळ आत आली. बावीस वर्षांची पोरगी. दिवसा कतारगामला एका वकिलाकडे टायपिंग करायची, संध्याकाळी कायद्याचं शिकायची. मे महिन्यात सोसायटीच्या युवक मंडळाने तिला अध्यक्ष केलं होतं. तोवर मंडळ म्हणजे गणपती, डीजे आणि टी-शर्ट एवढंच होतं. योगिताने त्या चाळीस पोरापोरींना वह्या घेऊन दारोदार पाठवलं. मिलमध्ये, लूमवर काम करताना कोण जखमी झालं, कोण दगावलं, कुणाची नोंदच झाली नाही, त्याची यादी करायची. मंगळवारी कामगार खात्याचे साहेब ऐकून घेणार होते. बासष्ट घरं फिरून झाली होती. बहुतेक दारांत एकच उत्तर होतं, आमच्याकडे तसलं काही नाही. समोर बोलायची भीती वाटत असेल म्हणून पोरांनी मंडळाच्या खोलीबाहेर एक पेटी टांगली. ज्याला सांगायचंय त्याने फॉर्म भरून गुपचूप टाकावा.

"आज पेटी उघडली," योगिता म्हणाली. तिच्या हातात एक कागद होता. "आबा, हे वाचते, ऐका."

"आधी मोजणं होऊ दे."

"आधी ऐका." तिने वाचायला सुरुवात केली. "मयताचं नाव, कोरं. वय, एकोणीस. काय झालं, रंगाच्या पाण्याची टाकी साफ करायला उतरवलं, वर आला नाही. वार, शनिवार, दुपारी एक." ती थांबली. "शेवटचा रकाना आहे, ही गोष्ट कुणाला माहीत आहे. तिथे लिहिलंय, घर नंबर सत्तेचाळीसमधल्या सगळ्यांना."

सत्तेचाळीस म्हणजे हेच घर.

कुसुमने पोरांना उठवलं आणि माडीवर पाठवून दिलं.

"मी आठ वर्षांची होते," योगिता म्हणाली. "मी मम्मीला विचारलं होतं, काका परगावी गेला तर त्याची चप्पल इथे कशी? दुसऱ्या दिवशी चप्पलपण नव्हती."

सुषमाने मान खाली घातली. त्या चपला तिने पदराखाली धरून नेल्या होत्या आणि खाडीत टाकल्या होत्या. एक बुडाली. दुसरी बराच वेळ काठाकाठाने तरंगत तिच्या बरोबरीने येत राहिली होती. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"कुणीतरी खोडी काढली," गजेंद्र म्हणाला. "तुझं मंडळ नको झालंय लोकांना. फाड तो कागद."

"पप्पा, लोटूकाका कुठे आहे?"

"तिरुपूरला."

"पत्ता द्या. मी उद्या गाडीत बसते."

गजेंद्रचा हात उठला. कुसुम मध्ये आली. "भाऊजी, पोरीला हात लावायचा नाही. तिने काय वाईट विचारलं?" आजवर मोठ्या दिरापुढे तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. कुंदनने बायकोकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"योगिता, बस इथे." आबांचा आवाज शांत होता. लूमवर अख्खी उमर गेलेला माणूस, मोठ्याने बोलायची सवय लागलेली. ते हळू बोलले की घर घाबरायचं. "समज, तुझं खरं आहे. मग काय करशील? नाव हजेरीबुकात नव्हतं. शेठ आम्हाला काय म्हणाला माहितीये? जो कामावरच नव्हता, तो कामावर मरेल कसा? आम्ही तिघांनी त्याला टेम्पोत घातला. तापीकाठी, जिथे कागद विचारत नव्हते, अशा स्मशानात पोचवला. दाखला नाही, पंचनामा नाही. आता तू बोललीस तर शेठला काही होणार नाही. तुझा बाप आत जाईल. तुझा काका जाईल. मी काय, पिकलं पान."

"आणि पप्पांची मुकादमी?" योगिताने विचारलं. "ती त्याच महिन्यात मिळाली ना?"

गजेंद्र उठून खिडकीपाशी गेला. त्याची पाठ सगळ्यांकडे होती. सुषमाने त्या पाठीकडे पाहिलं. चौदा वर्षं ही पाठ तिच्या शेजारी झोपत होती आणि एकदाही त्या दुपारबद्दल बोलली नव्हती. तिने भिंतीआडून ऐकलं होतं. तिला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. तेवढ्यावर संसार झाला होता.

"तो फॉर्म मी टाकला," कुंदन म्हणाला.

आबांनी डोळे मिटले.

"मी वर होतो, टाकीच्या तोंडाशी. त्याला दोरीपण बांधली नव्हती. आधी ओरडला, दादा, लई वास मारतो रे. मी म्हटलं, लवकर आटप. मग थोड्या वेळाने म्हणाला, दादा, आता वास येत नाही." कुंदन परातीकडे बघत बोलत होता. "मला वाटलं, बरं झालं. वास गेला, आता काम होईल. गॅसने त्याचं नाकच मेलंय, हे मला कुठे माहीत? तो खाली बसला. दमला म्हणून बसला असेल, असं वाटलं मला. मी बिडी पेटवायला बाजूला गेलो, वहिनी. बिडी पेटवायला."

सुषमाने हात पदराला पुसले.

"तीन महिने योगिताच्या पोरांना दारोदार फिरताना बघतो," तो पुढे म्हणाला. "परवा डाव्या हाताने लिहिलं, कुणी ओळखू नये म्हणून. नाव लिहायची हिंमत झाली नाही." मग त्याने हात पुढे केला. "दे बरं इकडे. काय वाचलंस तू शेवटी?"

योगिताने कागद दिला. कागद दमट होता. कडा फुगल्या होत्या. कुंदनने तो उजेडाकडे धरला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"ही ओळ माझी नाही."

"म्हणजे?"

"शेवटचा रकाना मी कोरा सोडला होता. घर नंबर मी कशाला लिहीन? मला लपवायचं होतं ना?"

"पेटीला कुलूप होतं, काका. किल्ली माझ्या गळ्यात आहे."

सुषमाने वाकून पाहिलं. वरची अक्षरं डाव्या हाताची, वेडीवाकडी. खालची ओळ सरळ, रेघेवर बसवलेली. त्यातला 'ळ' पोटाशी गाठ मारल्यासारखा होता. दहावीला लोटू दोनदा नापास झाला तेव्हा तिनेच त्याचा अभ्यास घेतला होता. हा 'ळ' सुधार म्हणून किती वेळा वही परत दिली होती. तो हसायचा आणि म्हणायचा, वहिनी, पेपर तपासणाऱ्याला माझी ओळख राहायला पाहिजे ना.

तिने कागद घडी करून मांडीवर ठेवला. ओळख सांगितली नाही. कुणाला सांगणार होती?

"मायला काही कळू द्यायचं नाही," गजेंद्र खिडकीतूनच म्हणाला. "तिला हे ऐकवलं तर ती जायची."

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की सुंदराबाई तिथेच बसल्या आहेत. इतका वेळ त्या परातीकडे बघत होत्या.

"माले काय सांगतस?" त्या म्हणाल्या. "मी माय शे त्यानी. त्याच दिवसले माले समजनं. दुपारले मी दार उघडं, तो दारमा उभा व्हता. पायपासून डोकापावत नुसता निळा निळा. काही बोलना नही. तधळपासून रोज येस."

गजेंद्र खिडकीपासून वळला.

"तुमले वाटस, म्हातारी वाट देखस. मी वाट नही देखत. मी त्याले सांगस, बेटा, जाय आते. तो मान हलावस. कसा जाई तो? त्यानं नाव कोनी रडीसन लिधं नही. दसवा नही, बारावा नही. इतला साल तुम्ही त्याले जिताच ठेवा. दर साल त्याना रोट करतस, अन तो खाई सकत नही." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमले मी कधी काही बोलनू का? आज बोलस. पोरीले नाव लिखू द्या."

आबा उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. गजेंद्रही त्यांच्या मागे गेला. दारातून जाताना दोघेही अंग चोरून, एका कडेने गेले.

वीज आली. लूम पुन्हा सुरू झाले. सुषमाच्या मांडीवर कागद होता आणि समोर परात. योगिता तिच्याकडे बघत होती. मंडळाच्या अध्यक्षासारखी नाही. चप्पल कुठे गेली म्हणून विचारणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीसारखी.

"कोरा फॉर्म आहे का?" सुषमाने विचारलं.

"मम्मी, नीट विचार कर. पप्पांवर येईल. आमचे वकीलसाहेब म्हणतात की आपण होऊन सांगितलं तर फरक पडतो, पण खात्री कुणीच देत नाही. मीपण देत नाही."

"चौदा वर्षं विचारच केला. आण फॉर्म. चपला मी टाकल्या होत्या, खाडीत. तेही लिही."

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ चढली, मुकुट चढला, पुरणपोळीचा आणि गंगाफळाच्या भाजीचा नैवेद्य झाला. रोट पाचांचेच झाले. आबा जेवले नाहीत. गजेंद्र सुषमाशी एक शब्द बोलला नाही, फक्त संध्याकाळी म्हणाला, "तू मला विचारायला पाहिजे होतं." सुषमा म्हणाली, "तुम्हीही." त्यानंतर तो बराच वेळ ओट्यावर बसून होता.

सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघाली. डफ वाजत होता, बायका फुगड्या घालत होत्या. कुसुमच्या डोक्यावर कानबाई होती. सोसायटीच्या फाटकाशी मंडळाच्या पोरांनी एक टेबल मांडलं होतं. मिरवणूक थांबली की जमलेली नावं माइकवर वाचायची आणि मगच कानबाई पुढे न्यायची, असं ठरलं होतं. शुक्रवारपर्यंत दारोदार फिरून अकरा फॉर्म भरले गेले होते, तेही बहुतेक बोटं तुटल्याचे. गेलेल्या माणसाचा एकही नव्हता. लोक कडेने उभे होते, तोंडं मिटून. दोन-तीन मुकादम फाटकापाशी मोटारसायकली लावून बघत होते.

डफ थांबला. योगिताने माइक हातात घेतला, पण तिचा आवाज फुटेना. चाळीस पोरं तिच्याकडे बघत होती. सुषमा टेबलामागे खुर्चीवर बसली होती. ती उठली आणि पोरीच्या हातातून माइक घेतला. तिने आयुष्यात माइक धरला नव्हता.

"लोटू," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज फाटकावर आदळून परत आला तशी ती दचकली. "माझा दीर. घर नंबर सत्तेचाळीस. तो तिरुपूरला गेला, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं."

गर्दी हलली. मागून कुणीतरी वाट काढत येत होतं. आबा होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. त्यांच्या मागे गजेंद्र होता. मुकादमांपैकी एकाने त्याला हाक मारली. त्याने तिकडे पाहिलं, आणि टेबलाकडेच आला.

आबा योगितासमोर उभे राहिले. आजोबा-नात म्हणून नाही. कचेरीत साहेबासमोर उभं राहावं, तसे. हात जोडलेले.

"नाव अर्धं झालं," ते म्हणाले. "पुरं लिही. लोटू शालिग्राम बोरसे. वय एकोणीस. बापाने सांगितलं, असं लिही. सही करतो."

योगिताने लिहिलं. तिचे डोळे भरून येत होते आणि अक्षर हलत होतं, पण तिने लिहिलं. आबांनी सही केली, मग गजेंद्रने, मग कुंदनने. गर्दीत बायकांमध्ये सुंदराबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि पहिल्यांदा, चौदा वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने गळा काढला. बाजूच्या बायका त्यांना धरायला धावल्या.

तो आवाज हळूहळू ओसरला. मग मालतीबाई पुढे आल्या. समोरच्या घरातल्या, जन्मभराच्या शेजारीण. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"आमचे हे," त्या म्हणाल्या, "दुबईला नाहीत."

सुषमाने त्यांच्याकडे पाहिलं. दर दिवाळीला ती त्यांना विचारायची, यंदा येणार का हो दुबईहून? आणि मालतीबाई हसून म्हणायच्या, बघू.

"बसा," योगिता म्हणाली. तिचा आवाज आता फुटला होता. "पूर्ण नाव सांगा, काकी."

मालतीबाईंच्या मागे कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला उभा राहिला. त्याचा भाऊ भिवंडीला होता. त्याच्या मागे एक म्हातारी, तिचा पोरगा राजकोटला. मग आणखी कुणी, मग आणखी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. डफवाल्याने डफ जमिनीवर ठेवला आणि तोही रांगेत लागला.

"फॉर्म संपले," एक पोरगी धापा टाकत म्हणाली.

"मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा. वह्या फाडा. शाळेतून कागद आणा," योगिता मान वर न करता म्हणाली. तीन पोरं पळाली. दोघांनी आणखी एक टेबल ओढून आणलं आणि लिहायला बसली.

सुषमा परत खुर्चीवर बसून मोजत होती. सोसायटीत घरं बासष्ट. रांगेतली माणसं केव्हाच त्याच्या पुढे गेली होती. बाजूच्या सोसायट्यांतूनही आली असतील, असं तिने स्वतःला समजावलं. पुढची दहा-बारा तोंडं ओळखीची होती. त्याच्या मागची नुसती उभी होती, डोळे टेबलावर लावून, आणि कोरड्या गल्लीत त्यांच्या पायाखाली ओल होती. आणि त्यांच्याही मागे, गल्ली जिथे खाडीच्या अंगाला वळते, तिथवर रांग गेली होती. वळणापलीकडे ती कुठपर्यंत आहे, ते खुर्चीवरून दिसत नव्हतं.

"पुढचे," योगिता म्हणाली.